जपानला जायच्या आधीचा कायद्याचा वर्ग: चार स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय

क्लासचं नाव वर दिसतंयच, परत लिहीत नाही. आणि हा रिव्ह्यू त्यांच्या जपानी भाषेच्या बॅचचा नाही, भाषेत मला शून्य कळतं, ते माझी भाची लिहील तिला वेळ मिळाला तर. मी लिहितोय ते त्यांच्या शनिवार-रविवारच्या कायदा आणि पोलीस या वर्गाबद्दल. केअरगिव्हर म्हणून किंवा फॅक्टरीत कामाला जपानला जाणाऱ्या पोरापोरींसाठी हा वेगळा वर्ग घेतात, सोबत घरचं एक माणूस फुकट बसू शकतं, तर ते घरचं माणूस म्हणजे मी. माझं काम कोर्टाच्या आवारात टायपिंगचं, जामीन अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट, मुदतीचे अर्ज, जे येईल ते, त्यामुळे कोण फेकतंय आणि कोणाला खरंच माहिती आहे हे मला पाच मिनिटांत कळतं असं माझं म्हणणं. भाचीचं म्हणणं वेगळं आहे, ते सोडा.

सुरुवात एकदम बेकार झाली हे आधी सांगतो. क्लासचे मालक स्वतः उभे राहिले आणि अर्धा तास नुसती जाहिरात. जपानमध्ये क्राइमच नाही, पाकीट पडलं तर पोलीस घरी आणून देतात, कोर्टात गेलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णव गुन्हेगारांना शिक्षा होते म्हणजे होते, आपल्यासारखं नाही की साक्षीदार फितूर आणि आरोपी बाहेर. मागच्या रांगेत एक वडील होते त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. म्हणाले आपल्याकडं पण असंच पायजे की ओ. मी मनात म्हणलं झालं, रविवार वाया गेला.

मग मॅडम आल्या आणि खरा वर्ग तिथून सुरू झाला. या मॅडम बरीच वर्षं जपानमध्ये दुभाषाचं काम करून आलेल्या, मूळच्या आपल्याच इकडच्या, सोलापूरच्या, बोलताना मधूनच "काय बे" निघतं तोंडातून. त्यांनी पहिलाच प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारला, नव्व्याण्णवला शिक्षा होते हे खरं आहे, ९९ च्या पण वर आहे तो आकडा, पण मग निर्दोष माणूस कोर्टात जातच नाही का तिथं? का पोलिसांची चूक कधी होतच नाही? कोणाला उत्तर देता आलं नाही, मलापण नाही.

त्यांनी मग समजावलं ते असं, आणि हे मला खरंच नवीन होतं. जपानमध्ये केस कोर्टात पाठवायची का नाही हे सरकारी वकील ठरवतो, आणि त्याच्या हातात आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम २४८ आहे, त्यात लिहिलंय की गुन्हा सिद्ध होण्यासारखा असला तरी आरोपीचा स्वभाव, वय, परिस्थिती, गुन्हा किती गंभीर आणि गुन्ह्यानंतर तो कसा वागला हे बघून केस सोडून द्यायची मुभा आहे. आणि ते सोडतात, निम्म्याहून जास्त प्रकरणं अशीच तिथल्या तिथं संपतात. माफी मागितली, ज्याचं नुकसान केलं त्याला पैसे भरून दिले, त्याच्याकडून समझोत्याचा कागद लिहून घेतला, कंपनीचा मालक येऊन याची जबाबदारी माझी म्हणाला, की बरेचदा विषय क्लोज. कोर्टात जाते ती फक्त सरकारी वकिलाला शंभर टक्के खात्री असलेली केस, आणि त्यातले बहुतेक आरोपी आधीच कबूल झालेले असतात. मग ९९ येणारच ना. आपल्याकडं २०२२ च्या एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) आकड्यांत आयपीसीच्या गुन्ह्यांना शिक्षेचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे, कारण आपल्याकडं चार्जशीट म्हणजे जे सापडलं ते बांधून कोर्टाच्या टेबलावर टाकायचं, बघा काय होतंय ते. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून हा देश न्यायी आणि तो अन्यायी म्हणायचं म्हणजे होटगी रोडच्या रिक्षाचं मीटर आणि एसटीचं तिकीट जुळवत बसल्यासारखं आहे.

आणि हो, अमेरिकेचं पण त्यांनी सांगितलं, तिथल्या फेडरल कोर्टात दहातले नऊ आरोपी स्वतःच गुन्हा कबूल करून मोकळे होतात कारण लढलं तर शिक्षा जास्त बसेल ही भीती, पूर्ण खटला चालून निर्दोष सुटणारे शंभरात एक पण नाहीत. म्हणजे ९९ वाले जपानी एकटे नाहीत. फक्त अमेरिकेत लाख लोकांमागे पाचशेच्या वर माणसं तुरुंगात आहेत आणि जपानमध्ये पस्तीसच्या आसपास. हा फरक लहान नाही. पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला जेलचं तोंड न दाखवता घरी पाठवणं ही जपानची खरंच चांगली गोष्ट आहे, मला मनापासून पटली. आपल्या जेलमधल्या चारातले तीन कैदी कच्चे कैदी आहेत हो, २०२२ अखेरचा आकडा, पावणेसहा लाखांतले सव्वाचार लाखाच्या वर. ज्यांच्यावर अजून काही सिद्धच झालेलं नाही असे. माझ्याकडं जामीन अर्ज टाइप करायला येणाऱ्या बायका बघितल्या की हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. मॅडमनी बोर्डावर नुसती बेरीज लिहिली, ४८ तास, २४ तास, १० दिवस, १० दिवस. पोलिसांकडं ४८ तास, मग सरकारी वकिलाकडं २४ तास, मग जज १० दिवस देतो, मग अजून १०, एकूण २३ दिवस, आणि एवढ्या काळात जामीन हा प्रकारच नाही, केस दाखल झाल्यावरच जामीन मागायचा. दुसरं कलम लावून परत अटक केली की घड्याळ परत शून्यापासून. आणि हे २३ दिवस माणूस झोपतो कुठं तर बहुतेक वेळा त्याच पोलीस स्टेशनच्या कोठडीत. चौकशीच्या खोलीत वकील बसू देत नाहीत, वकील वेगळा भेटू शकतो पण प्रश्न विचारताना शेजारी नाही. २०१९ च्या जूनपासून चौकशीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं झालं पण ते खून वगैरे मोठ्या खटल्यांना आणि सरकारी वकील स्वतः तपास करतात त्या केसेसना, सायकलचोरीला नाही. तुलनेला इंग्लंड बघा, तिथं दहशतवाद सोडला तर गंभीर गुन्ह्यातसुद्धा केस दाखल न करता जास्तीत जास्त ९६ तास ठेवता येतं आणि ते पण मधे मॅजिस्ट्रेटकडं जाऊन.

इथं एका पोरानं, बहुतेक बार्शीचा होता, बरोबर प्रश्न टाकला की मॅडम आपल्याकडं तर चार्जशीटला ६० नाहीतर ९० दिवस देतात, मग आपलंच वाईट नाही का. मॅडम जरा गडबडल्या आणि म्हणाल्या आपल्याकडं मॅजिस्ट्रेट असतो ना. हे उत्तर पुरेसं नाही. मॅजिस्ट्रेट, जज तिकडंपण असतोच. खरा फरक असा की आपल्याकडं पीसीआर (पोलीस कोठडी) संपला की एमसीआर (न्यायालयीन कोठडी), म्हणजे माणूस पोलिसांच्या ताब्यातून निघून जेलमध्ये जातो, जेलवर पोलिसांचा हात पोचत नाही, निदान कागदावर तरी. जपानमध्ये २३ दिवस प्रश्न विचारणारा आणि जेवण देणारा एकाच छपराखाली. मी हात वर करून हे सांगितलं, मॅडमनी मान्य केलं, भाचीनं मात्र कपाळावर हात मारला.

आणि इथंच तो एक स्टार कापलाय. त्यांच्या स्लाइडवर कोठडीसाठी अजून सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम १६७ लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी गेलं, त्याच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलं, आता ते कलम १८७ आहे आणि नुसता नंबर बदललेला नाही, पीसीआरचे १५ दिवस आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यानं मागता येतात, म्हणजे एमसीआरला गेलेला माणूस परत पोलिसांकडं येऊ शकतो. म्हणजे जपानच्या जवळ आपणच सरकलोय एक पाऊल, आणि तुम्ही तुलना करताय जुन्या कायद्याशी. हजार रुपये फी घेता तर स्लाइड तरी अपडेट करा.

पण बाकी सगळं माफ आहे ते त्या सायकलच्या नाटकासाठी. फक्त त्यासाठी हा वर्ग करावा.

झालं काय, मॅडमनी माझ्या भाचीला पुढं बोलावलं. तू कामावरून रात्री येतेयस, रेल्वे स्टेशनबाहेर गंजलेली सायकल महिनोन्महिने पडलीय, कुलूप नाही, तू घेतलीस आणि निघालीस, पोलिसानं थांबवलं. तिकडं सायकलवर रजिस्ट्रेशनचं स्टिकर असतं, नंबर वायरलेसवर सांगितला की मालकाचं नाव कळतं, आणि परदेशी माणूस सायकलवर दिसला की थांबवून विचारणं नेहमीचं. दुसऱ्याची पडलेली वस्तू आपली करणं हा त्यांच्या दंडसंहितेत २५४ कलमाचा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड. हे ऐकूनच अर्ध्या वर्गाचे चेहरे उतरले कारण आपल्याकडं पडीक सायकल उचलली तर लोक म्हणतात बरं झालं कचरा गेला.

मॅडम झाल्या पोलीस. कुठून घेतली, किती दिवस बघत होतीस, तुझी आहे का, नाही ना, मग कोणाची तरी असेलच ना, हो असेल. असं दहा मिनिटं चाललं. मग त्यांनी कागदावर भराभर लिहिलं आणि म्हणाल्या कर सही, उशीर झालाय, सही केली की घरी. पोरीनं केली. मग मॅडमनी तो कागद मोठ्यानं वाचला. "मी पैसे वाचवायच्या इच्छेने, सदर सायकल दुसऱ्याच्या मालकीची आहे हे मला पूर्ण माहीत असताना, कोणी बघत नाही असे पाहून ती नेली. मला माझ्या कृत्याचा मनापासून पश्चात्ताप होत आहे." सगळे हसायला लागले आणि भाची चिडली, मी असं म्हणलेच नाही, मी म्हणले पडली होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, सही कोणाची आहे?

तिकडं जबाब असाच लिहितात, प्रश्न-उत्तरं जशीच्या तशी नाहीत तर "मी अमुक केले" अशी पोलिसानं रचलेली गोष्ट, वाचून दाखवतात, सही नाहीतर अंगठा. चूक दुरुस्त करून मागायचा हक्क आहे, सही नाकारायचा पण हक्क आहे, गप्प बसायचा हक्क तर त्यांच्या घटनेच्या ३८ कलमातच आहे, आणि नुसत्या कबुलीवर शिक्षा देता येणार नाही हे पण त्याच कलमात लिहिलंय. पण रात्री अकरा वाजता परक्या भाषेत हा हक्क वापरायचा कसा हे कलमात नाही.

आता मी हा धंदा करतो म्हणून मला यातलं वजन कळलं, बाकीच्यांना मजा वाटली असेल. आपल्याकडं पोलिसांपुढं दिलेल्या जबाबावर सही घेतच नाहीत, सीआरपीसीचं जुनं १६२, आता बीएनएसएसचं १८१, आणि पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, एव्हिडन्स अ‍ॅक्टचं २५ कलम, आता साक्ष अधिनियमाचं २३. इंग्रजांनी केलेला कायदा आहे बरं का हा, म्हणजे त्यांना स्वतःच्या पोलिसांवर भरवसा नव्हता. त्यामुळे आपल्याकडं सोय वेगळी काढलीय, मेमोरँडम पंचनामा, आरोपीनं पंचांसमक्ष सांगितलं की हत्यार अमक्या बोळात टाकलंय आणि काढून दिलं. ते पंच मग कोर्टात येऊन म्हणतात मला काही माहीत नाही, सह्या पोलीस स्टेशनला घेतल्या. आणि थर्ड डिग्री आपल्याकडं नाही असं कोणी म्हणलं तर त्यानं माझ्या टेबलापाशी एक दिवस बसावं. कायदा आपला संशयी आणि चांगला, पाळणं कच्चं. जपानचं उलटं, पाळतात एकदम काटेकोर, पण कायदाच पोलिसांवर भरवसा टाकून बसलाय.

मग दोन खऱ्या केसेस सांगितल्या. पहिली नेपाळच्या गोविंद मैनालीची, टोकियोत राहायचा, हॉटेलात कामाला, व्हिसा संपलेला, १९९७ मध्ये एका बाईच्या खुनात धरला. २००० च्या एप्रिलमध्ये कोर्टानं निर्दोष सोडला. सोडला म्हणजे कागदावर, कारण तिथं सरकारला निर्दोषत्वाविरुद्ध अपील करता येतं (आपल्याकडंपण येतं, अमेरिकेत येत नाही) आणि अपील चालू असताना याला आतच ठेवलं, परदेशी आहे पळून जाईल म्हणून. डिसेंबरमध्ये हायकोर्टानं त्याच पुराव्यावर जन्मठेप दिली. पुढं डीएनए तपासणीत दुसऱ्याच माणसाचे धागे निघाले, २०१२ मध्ये सुटला, पंधरा वर्षांनी. हे ऐकून टाळ्यावाले वडील जरा सरळ बसले कारण त्यांचा पोरगा पण हॉटेल लाइनलाच चाललाय.

दुसरी इवाओ हाकामादाची. बॉक्सर होता, नंतर मिसोच्या कारखान्यात कामाला, मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून करतात ती पेस्ट. १९६६ ला मालक, त्याची बायको आणि दोन मुलं यांचे खून झाले आणि याला उचललं. जवळपास तीन आठवडे रोज तासन्‌तास चौकशी, शेवटी कबुली, कोर्टात ती नाकारली पण १९६८ ला फाशीची शिक्षा. पुरावा काय तर घटनेनंतर वर्षभरानं मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताचे पाच कपडे, आणि त्यावरचं रक्त अजून लाल. वर्षभर मिसोत बुडलेलं रक्त लाल कसं राहील हा साधा प्रश्न कोर्टाला पटायला किती वर्षं लागावीत? २६ सप्टेंबर २०२४ ला निकाल लागला, निर्दोष, आणि पुरावा तपासवाल्यांनीच रचला असं कोर्टानं स्वतः लिहिलं. माणूस ८८ वर्षांचा झालेला, २०१४ ला बाहेर आला तोपर्यंत रोज सकाळी आज फाशी का असं जगून डोकं काम करेनासं झालेलं, कारण तिथं फाशी त्याच दिवशी सकाळी सांगतात. सगळं लढली ती त्याची बहीण हिदेको. मूळ निकाल देणाऱ्या तिघा जजांपैकी एकानं २००७ मध्ये जाहीर सांगितलं की मला तो निर्दोषच वाटत होता.

भरपाई मिळाली, २१ कोटी ७० लाख येन, म्हणजे दिवसाला १२,५०० येन, कायद्यात जी कमाल आहे ती. मला इथं वेगळंच वाटलं. निदान त्यांच्याकडं कायद्यात दिवसाचा रेट लिहिलेला आहे. आपल्याकडं महाराष्ट्रातलीच केस, भटक्या जमातीचे सहा जण, फाशी झालेली, २०१९ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं निर्दोष सोडले सोळा वर्षांनी, भरपाई प्रत्येकी ५ लाख, ती पण कोर्टानं ठरवून दिली म्हणून. लॉ कमिशननं २०१८ ला २७७ क्रमांकाचा रिपोर्ट दिलाय की चुकीनं आत टाकलेल्यांसाठी कायदा करा. केलाय का, नाही.

प्रश्नोत्तराला तेच वडील म्हणाले, ते सगळं ठीक पण तिकडं निकाल फटाफट लागतो, इथं माझ्या भावाच्या वाटणीची केस अजून चालू आहे. (वाटणी दिवाणी असते काका, पण जाऊ द्या.) मला राहवलं नाही. म्हणलं फटाफट निकालाचं कौतुक सोलापूरकरानं तरी करू नये. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे स्वातंत्र्यलढ्यातले चौघे येरवड्यात फासावर. आठ महिने. सगळं रीतसर, जज, साक्षीदार, अपील. त्यांचे पुतळे रोज बघत आपण चौकातून जातो की. आणि याच गावात इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या लोकांना सेटलमेंटच्या, म्हणजे त्यांच्या सक्तीच्या वस्तीच्या, तारेआड जन्मानं गुन्हेगार म्हणून ठेवलं होतं, तो कायदा १९५२ ला गेला, नजर अजून गेली नाही. मॅडम म्हणाल्या हे मी पुढच्या बॅचला सांगते. सांगा, फी मागत नाही.

माझं मत विचाराल तर जपान न्यायी का भारत, हा प्रश्न कोर्टाच्या निकालावरून सोडवायचाच नाही. पकडल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तुमच्या बाजूनं खोलीत कोण बसतं ते बघायचं. जपानी माणूस असेल, घरचे असतील, मालक जामीन राहिल्यासारखा उभा असेल, समझोत्याला पैसे असतील तर ती व्यवस्था आपल्यापेक्षा दहापट माणुसकीची आहे, तारखा नाहीत, चकरा नाहीत, जेल नाही. यातलं काहीच नसलेली सोलापूरची बावीस वर्षांची पोरगी असेल तर तेच २३ दिवस तिच्यावर उलटतात. पैसेवाले सुटतातच असं पण नाही बरं, कार्लोस घोसन निस्सानचा मालकासारखा माणूस, २०१८ ला धरला, शंभरावर दिवस आत, शेवटी जामिनावर असताना पळूनच गेला लेबनॉनला. आपण कुठून पळणार, पासपोर्ट एजन्सीच्या फायलीत.

तक्रारी अजून: हॉलमध्ये एसी नाही, पंखा फक्त स्टेजवर. चहा चांगला होता. सहा सामान्य नागरिक आणि तीन जज मिळून मोठे खटले चालवतात ही २००९ पासूनची पद्धत मॅडमनी दोन मिनिटांत गुंडाळली, त्यावर अर्धा तास द्यायला हवा होता कारण आपल्याकडं ज्युरी जाऊन जमाना झाला आणि लोकांना त्याचं फार कुतूहल असतं. मालकांचं भाषण पूर्ण काढून टाकलं तर तो अर्धा तास आपोआप मिळेल.

जाणाऱ्यांसाठी, नोट्स देत नाहीत म्हणून माझ्या वहीतून उतरवतोय. रेसिडेन्स कार्ड कायम अंगावर, नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड. सायकल विकत घेताना रजिस्ट्रेशन स्वतःच्या नावावर करून घ्या, मित्रानं दिलेली असेल तरी. सहा सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं असलेला चाकू बॅगेत नको, कांदा कापायचा असला तरी. धरलंच तर पहिल्यांदा "तोबान बेंगोशी" म्हणायचं, म्हणजे ड्युटीवरचा वकील, पहिली भेट फुकट असते, आणि २०१८ पासून पैसे नसतील तर कोठडीतल्या कोणत्याही संशयिताला सरकारी खर्चानं वकील मिळतो. भारतीय वकिलातीला कळवा म्हणायचं. आणि न कळणाऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. मराठी दुभाषा मिळेल ही आशा सोडा, हिंदी मिळाला तरी नशीब असं मॅडमचं म्हणणं.

पुढची बॅच महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी असते. दुपारचीच घ्या, सकाळच्या बॅचला मालक स्वतः असतात.